मशेरी, मोरीतून चालती हो

प्रति,
मशेरी,
मोरीच्या फळीवरची पत्र्याची डबी,
सरावली, बोईसर, जि. पालघर

मशेरी,

पत्राच्या सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' लिहायची पद्धत आहे. तुला मी तो लिहिणार नाही. तुझ्या नावामागे 'सौ.' किंवा 'श्रीमती'ही लावणार नाही, कारण घरातल्या बायकांमध्ये बसून तू त्यांचाच घात केलास. त्यांच्या तोंडात कॅन्सर पेरल्याबद्दल डॉक्टर तुला कधीपासून बोल लावत आहेत. माझी तक्रार निराळी आहे. आमच्या सरावलीतल्या कित्येक घरांत पोरांना दात घासायचा पहिला धडा तूच देतेस, आणि त्याच्यासाठी हे पत्र आहे.

तुझी सकाळ मला चांगली ठाऊक आहे. आई पहिल्या पाळीला एमआयडीसीत गेलेली असते आणि पोर आजीजवळ असतं. आजी मोरीच्या कडेला उकिडवी बसते, डबीचं झाकण अंगठ्याने उडवते, तळहातावर काळी पूड घेते आणि तर्जनीने हिरड्यांवरून सावकाश फिरवत राहते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. चार वर्षांचं पोर तिच्या गुडघ्याला टेकून हे सगळं टक लावून बघतं. मग हात पुढे करतं. "जरा लाव, दात घट्ट होतील," असं म्हणत आजी त्याच्या बोटावर चिमूटभर पूड ठेवते. पोर तोंड वाकडं करतं, काळी लाळ गिळतं, थोड्या वेळाने त्याला मळमळतं, कधी घेरी येते. घरात म्हणतात, सवय नाही ना अजून, होईल. ती सवय व्हावी म्हणूनच तू त्या बोटावर बसलेली असतेस.

तू काय आहेस हे पोराला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. तू तंबाखू आहेस. तव्यावर काळीठिक्कर होईपर्यंत भाजलेली, भाजताना सगळ्या चाळीला ठसका लावणारी आणि मग कुटून चाळलेली तंबाखू. भाजल्याने तुझं निकोटीन जात नाही आणि कॅन्सर करणारी द्रव्यंही जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने धूर न काढता घेतली जाणारी तंबाखू माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. दात साफ करण्याचा एकही गुण तुझ्यात नाही. दात तू काळे करतेस आणि हिरड्या दातांपासून सोडवतेस.

तरी तुला दातांचं औषध म्हणतात, आणि तुझी खरी लबाडी तिथेच आहे. दाढ ठणकली की आजी म्हणते, मशेरी लाव. तुझ्या तारेत दुखणं घटकाभर विसरायला होतं, पोर निपचित पडतं आणि घराला वाटतं गुण आला. आत कीड पोखरतच असते. दुखणं ही दाताने मारलेली हाक असते, आणि तू तिच्यावर हात दाबून धरतेस. दवाखान्यात पोचेपर्यंत दाढेचं नुसतं खोकं उरलेलं असतं. शिवाय 'दुधाचेच दात, पडायचेच आहेत' ही समजूत तुझ्या मदतीला उभीच असते. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, पोर त्यांच्यावरच जेवतं, आणि पक्क्या दातांची जागाही त्याच धरून ठेवतात.

कायद्याने तुझ्यासारख्यांची हकालपट्टी कधीच केली आहे. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजनं यांच्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली कायम ठेवली. तू मात्र सुटलीस. घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीवर ना लेबल असतं ना कारखान्याचं नाव. अल्पवयीन मुलांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सरावलीतल्या कुठल्याही आजीला तुरुंगात गेलेलं मला बघायचं नाही. पण ज्या पदार्थासाठी कायदा इतका कडक आहे, तो आपण नातवाच्या जिभेवर ठेवतोय, एवढं तिला कळायलाच हवं.

आणि हे घडतंय ते पालघरमध्ये! मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात सुरू झाला तो इथूनच, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे, आणि त्या तपासणीच्या यादीत किडलेले दातही आहेत. तपासणीचं पथक वर्षातून एकदा-दोनदा येतं, तू रोज सकाळी हजर असतेस. म्हणून तुझ्याशी भांडण मोरीतच व्हायला हवं.

तुझ्या नादी लागलेल्या बायांना मी दोष देत नाही. त्यांनाही तू लहानपणी असंच आईच्या बोटावरून धरलंस. उत्तर प्रदेश-बिहारमधून इथल्या कंपन्यांत आलेल्या कुटुंबांबरोबर तुझं भावंड गुल, तीही तंबाखूचीच पूड, चाळीत उतरलंय, तेही मंजनाचंच सोंग घेऊन. आणि तू पोर जन्माला येईपर्यंतही थांबत नाहीस. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तोंडातली तंबाखू घेणाऱ्यांमध्ये बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या, आणि त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली.

आता तुझ्या जागी काय येणार आहे ते ऐक. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो, आणि त्याच दिवसापासून बाळाचा मऊ ब्रश घरात येईल. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. ब्रश पोराच्या हातात खेळायला जरूर असेल, पण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत खरं घासणं मोठ्याच्या हातानेच होईल, कारण मागच्या दाढेपर्यंत त्याचा हात नीट वळत नाही. रात्रीचं घासणं चुकणार नाही. झोपेत लाळ कमी होते आणि किडीचं फावतं. म्हणूनच साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणंही बंद. वरच्या पुढच्या दातांच्या मुळाशी खडूसारखे पांढरे डाग दिसले की दुखायची वाट न बघता दाखवायला न्यायचं. सहाव्या वर्षाच्या सुमारास एकही दात न पडता शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ येते. घरात तिला दुधाचीच समजतात आणि ती पहिली किडते. ती पक्की दाढ असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

शेवटचं तुला नाही, सरावलीतल्या आज्यांना, आयांना आणि मावश्यांना सांगायचंय. पोर ऐकून शिकत नाही, बघून शिकतं. आज रात्री डबी मोरीच्या फळीवरून उचला आणि तिच्या जागी ब्रश ठेवा, तुमचाही आणि त्याचाही. त्याच्यासमोर बसून घासा. तुमची स्वतःची मशेरी एका दिवसात सुटणार नाही हे मी जाणते. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा आहे, क्रमांक १८०० ११ २३५६, पैसे लागत नाहीत. आशाताईंनाही विचारा. पण पोराच्या बोटावर ती चिमूट उद्यापासून ठेवू नका.

सरावलीतली एक आई