भाजलेल्या अंजिरांचे श्रीखंड : अभिजात वाढणीची कार्यपद्धती

श्रीखंडाला कुळ आहे, वय आहे, रंग आहे, तब्येत आहे. विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव म्हणून राबणाऱ्या भीमाने ते प्रथम केले, असे घरोघर सांगतात. भीमाचे राहू द्या. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त दही-साखरेची शिखरिणी आहे, म्हणजे राजाच्या ताटापर्यंत त्याची पोच होती. एवढे असूनही श्रीखंडाला अभिजातपणा नाही. कारण उघड आहे. ते डावाने वाढतात, आणि डावामागून आग्रह येतो. जो पदार्थ "माझी शपथ आहे, एवढं घ्याच" असे म्हणून पानात पडतो, तो अभिजात होऊ शकत नाही. अभिजात पदार्थ संपला की पाहुणा बशीकडे पाहतो आणि यजमान खिडकीकडे.

प्रस्तुत कार्यपद्धती याच दोषावर आहे. साहित्य फार लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागते, पण ती मिळणार नाही असे धरूनच दूध आणावे.

दूध म्हशीचे, दोन लिटर, साय न काढलेले. ते तापवून, कोमट होऊ देऊन, रात्री विरजावे. सकाळी दही लागलेले असते. ते मलमलीच्या फडक्यात किंवा जुन्या पंचात बांधावे. पंचा स्वच्छ असावा, आणि तो पूर्वी कोणाचा होता हे पाहुण्यांना सांगू नये.

आता टांगण्याचा प्रश्न. आपल्या इमारती बांधणाऱ्यांनी मॉड्युलर किचन दिले, चिमणी दिली, भिंतीत गाडलेला फ्रीज दिला. चक्का टांगायला एक खुंटी दिली नाही. त्यामुळे गाठोडे सिंकच्या नळाला लटकते आणि दिवसभर प्रत्येकजण त्याला कोपराने ढकलून भांडी विसळतो. खिडकीचा गज हे जुने ठिकाण, पण चैत्रात बाहेर रात्रभर राहिलेले दही इतके आंबते की मग कितीही साखर घातली तरी जिभेला कळते. सर्वांत बरे म्हणजे चाळणीत गाठोडे, चाळणीखाली पातेले आणि हे सगळे फ्रीजमध्ये आठ-दहा तास. दिसायला दरिद्री, पण निर्धोक. या काळात गाठोडे पिळू नये. पिळले की पाण्याबरोबर लोणी आणि दुधाचे प्रथिनही फडक्याच्या विणीतून निघून येते, आणि उरतो तो कोरडा भुगा. घाईच्या माणसाला हे पटत नाही. त्याला दुसऱ्या खोलीत काम द्यावे.

फडके उलगडल्यावर चक्का सुटून आला, बोटाला चिकटला नाही, की झाले. दोन लिटरचा 700 ग्रॅमच्या आसपास निघतो. पाडव्याच्या आदल्या दिवशी डेअरीपुढच्या रांगेत उभे राहून तयार चक्का आणायला या कार्यपद्धतीची हरकत नाही. फक्त पिशवी शेजाऱ्यांच्या कचऱ्यात टाकावी.

साखरेबाबत सरकार उदार आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांत श्रीखंडाच्या कोरड्या वजनात साखर 72.5 टक्क्यांपर्यंत चालते. म्हणजे पाणी वजा केले तर जवळजवळ तीन चतुर्थांश साखरेलाही शासन श्रीखंडच म्हणते. घरगुती रीत चक्क्याइतकी साखर घालण्याची. अभिजात रीत निम्मी घालण्याची, कारण अंजिराचा गोडवा पुढे यायचा आहे, आणि कारण "आम्ही गोड फार खात नाही" हे वाक्य पाहुण्यांना उच्चारायला मिळायला हवे. साखर मिसळून अर्धा तास ठेवावी. ती विरघळताना चक्का सैल पडतो. घाबरू नये, थंड झाल्यावर तो पुन्हा आवळतो. मग ते पुरणयंत्रातून काढावे. मिक्सरमध्ये फिरवलेले श्रीखंड पातळ होते आणि वर त्याला एक ओशाळवाणी चकाकी येते. पुरणयंत्राचा दांडा फिरवायला घरातला तोच माणूस बोलवावा ज्याने आदल्या रात्री "त्यात काय एवढं?" असे विचारले होते.

आता अंजीर, ज्यावाचून हा सगळा खटाटोप नुसता सण ठरेल. अंजीर पुरंदरचे घ्यावे. सासवड, दिवे, गुऱ्होळी, सिंगापूर (पुरंदर तालुक्यातले, विमान लागत नाही) या बाजूचे. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. झाडाला दोन बहार धरतात: हिवाळ्यात येतो तो खट्टा, उन्हाळ्यात येतो तो मीठा. पाडव्याला मीठा बहार हाताशी असतो. फळ मऊ, जांभळट, देठाशी किंचित सुरकुतलेले आणि तळाशी फाटू पाहणारे हवे. ज्या अंजिरांचा थर टोपलीत देखणा दिसतो ती बहुधा एक दिवस आधी तोडलेली असतात. आणि जी पिकलेली असतात ती घाटातून घरी येईपर्यंत जॅम झालेली असतात. अंजीर झाडावरून उतरल्यावर फार तर एखाद-दोन दिवस थांबते. आमंत्रणाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने नव्हे, अंजिराच्या सोयीने ठरवावी.

अंजीर उंबराच्या कुळातले. त्याची फुले आतल्या बाजूला असतात, आणि आपण खातो तो फुलांचा बंद गुच्छच. ही माहिती खाऊन झाल्यावर द्यावी. आधी दिली तर मंडळी चमच्याने किडे शोधत बसतात.

फळ भाजायचे म्हटल्यावर घरात चर्चा होईल. आपल्याकडे वांगे भाजतात, पापड भाजतात, कणीस भाजतात. चांगले ताजे अंजीर भाजलेले पाहून आत्याबाई विचारतील, "का गं, बाधलं होतं का कुणाला?" अशा वेळी शास्त्र उपयोगी पडते. अंजिराच्या चिकात फिसिन नावाचे पाचक द्रव्य असते. ते प्रथिने तोडते. जरा कच्चे अंजीर चिरून चक्क्यात मिसळले आणि चार तास ठेवले, तर श्रीखंड पाणी सोडते आणि कडवट होते. हा गुण जगाला नवा नाही. होमरच्या 'इलियड'मध्ये युद्धदेवाची जखम किती झटकन भरली हे सांगताना अंजिराच्या चिकाने विरजणाऱ्या दुधाचा दाखला दिला आहे. देवाच्या जखमेच्या उपमेत उपयोगी पडलेली गोष्ट पाहुण्याच्या वाटीत नको. आचेने हे द्रव्य निकामी होते, म्हणून भाजायचे. एवढे सांगितल्यावर आत्याबाई म्हणतील, "मग आंबाच घालायचा होता." यावर उत्तर नाही. पुढच्या कृतीकडे वळावे.

अंजिरे उभी निम्मी करावीत, चिरलेली बाजू वर. प्रत्येकावर थेंबभर तूप, चिमूटभर चिरलेला गूळ, दोन-तीन थेंब लिंबू आणि जाणवेल न जाणवेल एवढे मीठ. ओव्हन 200 अंशांवर, पंधरा ते वीस मिनिटे. आतला रस आधी सुटतो, मग उकळतो, मग कडेला आटून काळपट चिकट होतो; तिथेच काढायचे. ओव्हन नसेल तर जाड बिडाचा तवा, थोडे तूप, चिरलेली बाजू खाली आणि चार मिनिटे हात मागे बांधून उभे राहणे. उलथन्याने चाळवत राहिले की अंजीर भाजत नाही, शिजते, आणि मग त्याचा मुरांबा होतो. ताटलीत उरलेला तांबडा पाक चाटू नये. तो नंतर लागणार आहे, आणि तो कोणी चाटला हे लपत नाही. अंजिरे पूर्ण गार होऊ द्यावीत. गरम अंजीर गार चक्क्यावर ठेवले की खाली पाझर सुटतो आणि अभिजातपणा तिरका होऊन एका बाजूला घसरतो.

सुक्या मेव्यात पिस्ता, काजू, चारोळी. वेगवेगळे भाजावेत, कारण चारोळीला एक-दोन मिनिटे पुरतात आणि तेवढ्यात काजू अजून विचारच करत असतो. पिस्ते बिनमिठाचे, गरम पाण्यात घालून, चोळून साले काढून, कोरडे करून मंद आचेवर. जास्त भाजले की हिरवा रंग जातो आणि मग ते शेंगदाण्यांत मिसळले तरी कोणी ओळखत नाही. चारोळी आधी चाखावी. ती फार लवकर खवट होते आणि एक खवट दाणा सबंध वाटीची बदनामी करतो. वजन मात्र दीडपट धरावे. भाजलेला काजू ओट्यावर ठेवून पाठ फिरवली की कमी होतो, आणि चौकशीत आजवर कोणी दोषी आढळलेले नाही. दाणे श्रीखंडात आधी मिसळू नयेत, मऊ पडतात. वाढताना वरून.

केशर कोमट दुधात खलून घालावे. वेलदोडा चालेल. जायफळ किसणीवर दोनदाच ओढावे. जेवल्यावर बैठकीत सगळे आडवे झाले की दोष जायफळाला जातो, प्रमाणाला कधीच नाही. जायफळाने हा आळ अनेक पिढ्या मुकाट सोसला आहे.

आता वाढणी. हिशेब असा: 700 ग्रॅम चक्का, 350 ग्रॅम साखर, माणशी 60 ग्रॅम, सतरा जणांचे होते. लहान काचेचे पेले घ्यावेत. दोन चमच्यांच्या मध्ये श्रीखंड फिरवून त्याचा लांबट गोळा करावा आणि पेल्यात अलगद सोडावा. त्याला टेकून अर्धे अंजीर, कापलेली बाजू समोर. पाकाचे चार थेंब. पिस्त्याचा भरड चुरा एका बाजूलाच, सगळीकडे पसरू नये. सगळीकडे पसरला की ती बर्फी. केशराची एक काडी अशी ठेवावी की ती चुकून पडल्यासारखी वाटेल. ती तशी वाटायला दोन-तीन वेळा उचलून ठेवावी लागते. पुदिन्याचे पान नको. पुदिना श्रीखंडाच्या ओळखीचा नाही.

पेले आणल्यावर पदार्थाचे नाव सावकाश सांगावे. "श्रीखंड" एवढेच म्हटले तर मंडळी बाह्या सरसावतात. "पुरंदरची भाजलेली अंजिरे, केशरी चक्का, पिस्त्याचा चुरा" असे तुटक, जरा दमून म्हणावे. चुलतबहिणीचा मुलगा फोटो काढील. त्याची आई "किती सुरेख!" म्हणेल. या क्षणी, म्हणजे अंदाजे दीड मिनिट, श्रीखंड अभिजात असते.

उरलेले पातेले दिसता कामा नये. फ्रीजमध्ये आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात भरून, वर "इडलीचे पीठ" अशी चिठ्ठी लावावी. आग्रहाला सामोरे जाण्याची वाक्ये पाठ करावीत: "इतकंच केलं होतं", "चव मागे रेंगाळली पाहिजे", "परदेशात असंच देतात". तिसरे वाक्य शक्यतो टाळावे. खोलीतला एक तरी माणूस मुलाकडे परदेशी जाऊन आलेला असतो आणि तिथे काय देतात हे तो पुढचा पाऊण तास सांगतो.

एवढी तयारी असूनही नाना पेला उलटा करून, चमच्याने तळ खरवडून, टेबलावर ठेवतील आणि म्हणतील, "नमुना छान आहे. आता वाढा."

यावर कार्यपद्धतीत उपाय नाही. इडलीच्या पिठाचा डबा काढावा. डाव शोधावा, तो धुतलेला आणि हाताशी असतो, कारण सासूबाईंनी तो सकाळीच काढून ठेवलेला असतो. उरलेली अंजिरे पाकासकट डब्यातच ओतावीत आणि एकदा खालून वर ढवळावे, दाणेही त्यातच. चक्क्याखाली निथळलेले पाणी फेकले नसेल तर त्यातच कणीक भिजवावी, घट्ट, चमचाभर रवा आणि कडकडीत तेलाचे मोहन घालून. पुऱ्या लहान आणि जरा जाडसर लाटाव्यात. पातळ लाटलेली पुरी फुगते पण कडक होते. कणकेची गोळी तेलात टाकल्यावर लगेच वर आली की पहिली पुरी सोडावी, झाऱ्याने हलके दाबावे, उलटावी, काढावी. दर चार-पाच पुऱ्यांनंतर थोडे थांबून तेल पुन्हा तापू द्यावे.