स्प्लेंडरला ड्रायव्हर देणाऱ्या एजन्सीस अनावृत पत्र

माननीय मॅनपॉवर एजन्सीचे मालक महोदय यांस,


पत्रावर आपल्या फर्मचं नाव घालत नाही. घालायचं तरी कुठलं? माझ्या पुतण्याच्या पासबुकात आपण आधी एंटरप्रायझेस होतात, मग मॅनपॉवर सोल्युशन्स झालात, हल्ली कन्सल्टन्सी एलएलपी आहात. ऑफिस तेच, खुर्ची तीच, चहा सांगणारा पोरगाही तोच. मार्च सरला की फक्त पाटी बदलते. तेव्हा मोघम 'एजन्सी' म्हणतो, राग मानू नये.

मी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस. नोकरीभर तिकिटं आणि स्टॅम्प पेपर हाताळले. एवढी वर्षं खऱ्या कागदाजवळ काढली की खोटा कागद चिमटीत धरल्याबरोबर कळतो, आणि चांगला जमला असेल तर कौतुकही वाटतं. पुतण्यानं परवा आपली फाईल आणून दाखवली. कौतुक करायला जागा फार कमी सापडली, म्हणून हे पत्र.

पुतण्या आपल्यामार्फत अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. डिप्लोमा मेकॅनिकल. महिन्याला एकूण 70 हजार. आपण त्याचे दोन वाटे केलेत: 45 हजार 'व्यावसायिक फी' आणि 25 हजार 'खर्चाचा परतावा'. या 25 हजारांचा पुरावा म्हणून फाईलला पावत्या जोडल्यात. त्यांतली पहिली ड्रायव्हरच्या पगाराची. दरमहा 9 हजार, खाली एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, तिकिटावरून आडवी गेलेली सही. पुतण्याकडे स्प्लेंडर आहे, महाराज. तो ड्रायव्हर पुढे बसतो की मागे, एवढंच कळवावं. अख्ख्या फाईलमध्ये खरी वस्तू म्हणाल तर ते तिकीट. ते आमच्या प्रेसमध्ये छापलेलं.

मग पेट्रोलच्या पावत्या. तीन महिन्यांच्या पावत्या ओळीनं लावून बघितल्या. एप्रिलच्या शेवटच्या पावतीचा नंबर आणि मेच्या पहिल्या पावतीचा नंबर यांत फरक एकाचा. जूनमध्येही तेच. म्हणजे त्या पंपावर तीन महिने आमच्या पुतण्याखेरीज दुसरं गिऱ्हाईक फिरकलंच नाही. चार पावत्या डिझेलच्या आहेत. स्प्लेंडरमध्ये डिझेल घालून ती पाथर्डी फाट्यापासून अंबडपर्यंत नेणारा ड्रायव्हर नऊ हजारांत मिळत असेल, तर तो मात्र सोडू नका.

'ग्राहकांचं आदरातिथ्य' या मथळ्याखाली हॉटेलची बिलं आहेत. पुतण्याचा ग्राहक कोण? कारखाना. त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये हा कूपन देऊन जेवतो. सकाळी गेटवर बोट टेकवून आत जातो, शिफ्ट इन्चार्ज सांगेल त्या लाइनवर उभा राहतो, सुट्टीसाठी अर्ज करतो, अर्ज नाकारला की गप्प बसतो. हजेरी नोकराची आणि फी वकील-डॉक्टरांसारखी, ही किमया आपली. कलम 194जे लावून 45 हजारांवर दहा टक्के टीडीएस कापलात. 25 हजारांना हातच लावला नाहीत, कारण तो म्हणे खर्च.

आता माझ्या अडाणी शंका. हा नोकर असेल तर पेट्रोल आणि ड्रायव्हर त्याला पगारातून वजा करता येत नाहीत. नोकराला मिळतं ते स्टँडर्ड डिडक्शन: नव्या करपद्धतीत 75 हजार, जुन्यात 50 हजार. कामावरच्या प्रवासाचा भत्ता असेल तर प्रत्यक्ष कामासाठी जेवढा खर्चला तेवढाच करमुक्त. घर ते कारखाना हे येणं-जाणं त्यात बसत नाही. आणि हा खरोखर व्यावसायिक असेल, तर 1961 च्या कायद्यात 44एडीए कलम होतंच. ठरावीक व्यवसायांतल्या माणसानं मिळालेल्या फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी, बाकी निम्म्याच्या पावत्या कुणी मागत नाही. पण मग त्या निम्म्यातच पेट्रोल आलं, मोबाईल आला, आदरातिथ्यही आलं. आपल्या 'टॅक्स डिपार्टमेंट'नं (म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा तो लॅपटॉपवाला मुलगा) 25 हजार बाजूला ठेवले ते ठेवलेच, वर उरलेल्या 45 हजारांना 44एडीए लावून निम्मे केले. एकाच जेवणाचं बिल दोघांकडून घेणारा खानावळवाला आम्ही पाहिला नव्हता, तो आपल्या रूपानं पाहिला.

वर्षाला 8 लाख 40 हजार मिळवणारा मुलगा विवरणपत्रात 2 लाख 70 हजारांचा धनी झाला. या एका चमत्काराबद्दल आपला सत्कार व्हायला हवा, पण थोडी अडचण आहे. 2025-26 सालापासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर कर शून्य. पगारदाराला तर स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हणजे पुतण्यानं सगळेच्या सगळे 8 लाख 40 हजार खरे दाखवले असते तरी सरकारनं त्याच्याकडे एक रुपया मागितला नसता. मग ड्रायव्हर ठेवला कशाला? डिझेल भरलं कुणासाठी?

उत्तर फाईलमध्ये नाही, आपल्या रजिस्टरमध्ये आहे. 'व्यावसायिक' म्हटला की भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, बोनस नाही, भरपगारी रजा नाही. वाचलं ते आपलं. शिवाय कापलेल्या टीडीएसचा परतावा मिळवून देण्याची फी वेगळीच. 5 लाख 40 हजारांवर दहा टक्के, म्हणजे 54 हजार. ते पुतण्याचेच पैसे, नुसतं खरं विवरणपत्र भरलं तरी परत आलेच असते. त्यातले 15 टक्के, 8 हजार 100 रुपये, आपण 'रिफंड सर्व्हिस चार्ज' म्हणून ठेवून घेतलेत. स्वतःच्याच घरात शिरायला भाडं भरणारी पिढी आपण घडवत आहात.

पुतण्यानं पाथर्डी फाट्याला टू बीएचके बघून ठेवला आहे. बँकेत गेला तर मॅनेजरनं विवरणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि 2 लाख 70 हजारांवर किती कर्ज बसतं ते सांगितलं. मुलगा सुन्न होऊन परत आला. आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्याच्या आईसमोर बोललो नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात माणसाचं उत्पन्न किती हे ठरवताना न्यायाधिकरण विवरणपत्र बघतं. रोज मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून जाणाऱ्या मुलाची किंमत आपण दोन लाख सत्तर हजार लिहून ठेवली आहे.

मागच्या वर्षांचं काय, हाही प्रश्न आहेच. 2023-24 मध्ये ही 12 लाखांची सवलत नव्हती, मर्यादा 7 लाखांची होती. उद्या एखाद्या अधिकाऱ्यानं त्या वर्षाची फाईल काढली, हजेरीचे रेकॉर्ड मागवले आणि म्हटलं, हा पगारच आहे, तर हिशेब असा: 8 लाख 40 हजारांतून स्टँडर्ड डिडक्शन 50 हजार वजा, उरले 7 लाख 90 हजार. नव्या पद्धतीनं त्यावर कर 34 हजार, 4 टक्के सेस धरून 35 हजार 360. उत्पन्न नुसतं कमी दाखवलं असेल तर दंड कराच्या निम्मा. पण खोटी माहिती दिली असं ठरलं, तर कलम 270ए प्रमाणे कराच्या दुप्पट, म्हणजे 70 हजार 720. दोन्ही मिळून एक लाख सहा हजारांवर, व्याज वेगळं. त्या वर्षासाठी अशी नोटीस 30 जून 2028 पर्यंत येऊ शकते. आपण म्हणाल, 1961 चा कायदाच गेला, 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आला, जुनं सगळं विसरा. कायदा गेला, साहेब, जुन्या वर्षांचा हिशेब जुन्याच कायद्यानं होणार आहे.

नोटीस आलीच तर कुणाला येईल? हा भाग मला सर्वांत जास्त भावला. पुतण्याला आयकराच्या पोर्टलवर त्याचं खातं उघडून दाखव म्हटलं. पासवर्ड आपल्याकडे. 'फरगॉट पासवर्ड' केलं तर ओटीपी आपल्या मोबाईलवर. आधारवरून कसंबसं आत शिरलो, तर ईमेलच्या जागी कुठलासा रिफंड-नाशिक-एकशे बारा असा पत्ता. त्या पत्त्यावर मेल टाकून पाहिला, तो परत आला. म्हणजे विभागानं पत्र पाठवलं तर ते जाणार कुणाच्याच घरी नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणून कारवाई मात्र पुतण्यावर.

हे तंत्र आपण एकट्यानं शोधलं असं समजू नका. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागानं देशभर अशाच परतावा-सम्राटांकडे तपासणी सुरू केली, त्यात महाराष्ट्रही होता. खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून द्यायचा, परताव्यावर कमिशन घ्यायचं, विवरणपत्रं भरण्यापुरते ईमेल पत्ते काढायचे आणि काम झालं की टाकून द्यायचे, ही पद्धत केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं आपल्या निवेदनातच लिहिली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी विवरणपत्रं सुधारून 1,045 कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असंही त्यात होतं. 2018 च्या एप्रिलमध्ये आयकर विभागाच्या बेंगळुरूच्या विवरणपत्र प्रक्रिया केंद्रानं पगारदारांना हाच इशारा दिला होता, असल्या मध्यस्थांच्या नादी लागू नका म्हणून. तेव्हा आपण एंटरप्रायझेस होतात.

विलायतेतही आपले भाऊबंद आहेत. तिकडे कंत्राटी माणसाचा पगार मधल्या 'अंब्रेला कंपनी'मार्फत निघतो, आणि अनेक वर्षं या कंपन्या घर ते ऑफिसच्या प्रवासाला खर्च म्हणून दाखवत आल्या. 6 एप्रिल 2016 पासून ब्रिटिश सरकारनं ते बंद केलं: दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करतोस ना, मग रोजचा प्रवास तुझा तू कर. तरी कर बुडवणाऱ्या कंपन्या राहिल्याच. शेवटी 6 एप्रिल 2026 पासून अंब्रेला कंपनीनं कर भरला नाही तर माणूस पुरवणाऱ्या एजन्सीच्या मानगुटीवर बसायचं असं तिथं ठरलं. वाचून आपल्या अंगावर काटा आला असेल, पण घाबरू नका, आपण नाशकात आहात. इथं ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकाकडून वसूल करायची सोय 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं केली, नव्या कामगार संहितेतही ती आहे. विवरणपत्राखालच्या सत्यापनाला असा जामीनदार नाही. तिथं लिहिलेलं असतं की वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, आणि खाली नाव पुतण्याचं. आपलं नाव कुठंच नाही.

सिंहस्थाची कामं निघाली आहेत. साइट सुपरवायझर, सर्व्हेअर, डेटा एंट्रीवाले, सगळी भरती आपल्यासारख्यांच्या मार्फत. अंबड-सातपूरच्या टपऱ्यांवर पोरं एकमेकांना सांगतात, अमक्या एजन्सीत जा, ते पूर्ण टॅक्स वाचवतात. आपली जाहिरात अशी फुकट होते. म्हणून हे पत्र जाहीर लिहिलं.

मागण्या थोड्याच आहेत. पुतण्याच्या खात्याचा पासवर्ड परत द्यावा. गेल्या दोन तिमाहींचा कापलेला टीडीएस त्याच्या 26एएस या करपत्रकात दिसत नाही, तो भरून फॉर्म 16ए द्यावा. तो नोकर असेल तर नोकर म्हणून पगारपत्रकावर घ्यावा, भविष्यनिर्वाह निधीसकट. व्यावसायिक असेल तर गेटवरचं बोट टेकवणं बंद करावं, मग त्याचा हिशेब तो स्वतः ठेवील. आणि ड्रायव्हरला कामावरून कमी करावं. त्याची नुकसानभरपाई म्हणून मी एक रुपयाचं तिकीट द्यायला तयार आहे.

लोभ आहेच. तो थोडा कमी व्हावा ही विनंती.

आपला,
एका कंत्राटी कामगाराचा काका
जेल रोड, नाशिकरोड

ता. क. हे मालकांसाठी नाही, त्यांच्या यादीतल्या मुलांसाठी. आज रात्री आयकराच्या पोर्टलवर जाऊन प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा, दुसऱ्याचा असेल तर बदला. मग एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि 26एएस उघडून आपल्या नावावर काय काय नोंदलंय ते वाचा. चुकीचं विवरणपत्र गेलं असेल तर करनिर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत अद्ययावत (अपडेटेड) भरता येतं. पहिल्या वर्षी कर आणि व्याजाच्या 25 टक्के जादा द्यावे लागतात, दुसऱ्या वर्षी 50, तिसऱ्या वर्षी 60, चौथ्या वर्षी 70. फाईल उघडल्याची नोटीस हातात पडण्याआधीच हे उरकून घ्या.