कंडेन्सेटकाका

स्लाउ असो, हॅरो असो, इंग्लंडात जिथे चार मराठी घरं आहेत तिथे एक कंडेन्सेटकाका असतातच. दिवाळीच्या फराळाला आले, की चकलीआधी ते मागच्या दारी जातात आणि बॉयलरचा भिंतीबाहेर आलेला पांढरा प्लास्टिकचा पाइप चिमटीत धरतात.

"साडेएकवीस मिलिमीटर! बाहेरून न्यायचा तर 32 चा हवा. कोणी बसवला हा?"

यजमान बिचारा घरमालकाचं नाव सांगून मोकळा होतो. पण काका मोकळे होत नाहीत. 2005 पासून इथे नवा बॉयलर कंडेन्सिंगचाच लागतो. तो जळलेल्या गॅसमधल्या वाफेचीही उष्णता काढून घेतो; उरलेलं आंबूस पाणी, म्हणजेच कंडेन्सेट, थेंबथेंब या पाइपातून जातं. कडाक्याच्या रात्री ते आतच गोठतं, मागे तुंबतं आणि गुडगुड करत बॉयलर संप पुकारतो. म्हणून पाइपाला मीटरमागे 45 मिलिमीटर उतार हवा आणि अंगावर पावसात न भिजणारी फोमची गुंडाळी. हे सगळं ऐकेपर्यंत चहावर साय धरते.

2010 चा डिसेंबर म्हणजे काकांचं महायुद्ध. देशभर बॉयलर बंद पडले होते. त्यात काकांनी शेजारच्या इंग्रज आजीबाईंचा पाइप सोडवला. आजीबाईंनी दिलेल्या बिस्किटांचा रिकामा डबा अजून शोकेसमध्ये आहे. बॉयलरचं झाकण मात्र काका कधी उघडत नाहीत, ते गॅस सेफ नोंदणीवाल्याचं काम. त्यामुळे त्यांची सगळी विद्वत्ता भिंतीबाहेरच एकवटली आहे.

गंमत म्हणजे त्यांनी स्वतःचा पाइप केव्हाच आतून, सिंकच्या ड्रेनला जोडून घेतलाय. घरी गोठण्यासारखं काही उरलंच नाही! म्हणून पारा शून्याखाली गेला, की ते मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोनची वाट बघत बसतात. फोन आला, की काकूंची कंबर शेकायची रबरी पिशवी उचलून निघतात. "उकळतं पाणी ओतू नका, प्लास्टिक तडकेल! मी येतोय. मग रीसेट दाबू."

परवा काकूंनी दारातच अडवलं. "अहो, मीही मीटरमागे 45 मिलिमीटर वाकून चालू का? म्हणजे तरी ती पिशवी घरात राहील."

काका क्षणभर थांबले. म्हणाले, "उतार बरोबर सांगितलास हं."