सी स्क्वेअरचे काका

लग्नाच्या पंगतीत माहितगार मंडळी काकांच्या शेजारचं पान टाळतात. तिथे वरपक्षाकडचा कोणी नवखा बसतो आणि मठ्ठा येईपर्यंत १९०५ सालच्या बर्नमध्ये पोचतो. ‘‘पेटंट कचेरीतला तृतीय श्रेणीचा तपासनीस, वय २६. सप्टेंबरात जेमतेम तीन पानांचा लेख धाडतो. आणि गंमत सांगू? त्यात ‘ई बरोबर एमसी स्क्वेअर’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ऊर्जेला अक्षर वापरलंय एल!’’ नवखा जिलबी मोडायचा थांबतो. काकांना तेवढंच हवं असतं.

काका बँकेतून निवृत्त. भौतिकशास्त्राशी संबंध अकरावीपुरता, आणि तोही फारसा सलोख्याचा नव्हता. म्हणूनच बहुधा समजावून सांगायची एवढी हौस. ज्यांना हे चटकन कळतं ते कशाला कुणाला धरून बसवतील?

सूत्रातल्या वर्गावर त्यांचा विशेष जीव. काकूंनी भिजवलेली कणीक दिसली की खिशातून गोटी निघते. ‘‘स्ग्रावेसांडे नावाच्या डच गृहस्थानं पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट, खड्डा चौपट! एमिली द शातले या बाईंनी ते फ्रान्सात उचलून धरलं.’’ काका पट्टीनं खोली मोजतात, काकू लाटणं उचलतात. तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी एकदा सांगून पाहिलं, की गतिज ऊर्जेतला वर्ग वेगळा, आइन्स्टाईनचा वेगळा. काका म्हणाले, ‘‘असेल, पण घराणं एकच!’’

‘आइन्स्टाईननं बाँब केला’ असं म्हणालात तर मात्र खैर नाही. ‘‘त्यानं १९३९ साली रूझवेल्टला लिहिलेल्या पत्रावर सही केली, बास! युरेनियमचा हिशेब आदल्या नाताळात, स्वीडनच्या बर्फात, ओंडक्यावर बसून झाला. लीझे माइटनर आणि तिचा भाचा फ्रिश. अणू फुटला की प्रोटॉनच्या पाचव्या हिश्शाएवढं वस्तुमान गायब. ताळेबंद जुळलाच पाहिजे ना? जुळला! ऊर्जेत!’’

परवा सोसायटीच्या सभेत जिन्यातल्या दिव्यांच्या बिलाचा विषय निघाला. काका उठले. ‘‘एक ग्रॅम वस्तुमान. सगळंच्या सगळं ऊर्जेत बदललं, तर अडीच कोटी युनिट!’’ नोटिशीच्या पाठीवर त्यांनी शून्यं मांडून दाखवली. सभा खरंच गप्प झाली. मग सेक्रेटरींनी विचारलं, ‘‘पण काका, तो एक ग्रॅम कुठल्या खात्यातून टाकायचा?’’

जुना बँकवाला क्षणभर विचारात पडला.

‘‘सिंकिंग फंडातून.’’