उमेदवारांची तपासणी

पुतण्या : काका, संधिवाताने आखडलेल्या बोटांनी एकेक अक्षर हुडकीत बसण्यापेक्षा तुम्ही बोलावे आणि यंत्राने लिहावे, यात अडचण ती काय?

निवृत्त शिरस्तेदार : अडचण नेमणुकीची. ज्याच्या हाती सारा खाजगी पत्रव्यवहार सोपवावयाचा, त्या कारकुनाची भाषा, वास्तव्य आणि वर्तणूक यांविषयी रीतसर चौकशी झाल्याखेरीज त्याला कचेरीच्या उंबऱ्याच्या आत घेण्याचा प्रमाद उभ्या नोकरीत माझ्या हातून घडलेला नाही. पहिला उमेदवार पुकार.

पुतण्या : ड्रॅगन, बोललेले लिहिणारी संगणक-प्रणाली. पूर्वी अशा यंत्रापुढे प्रत्येक शब्दानंतर थांबावे लागे. 1997 पासून हा सलग बोलणे टिपतो. दुरुस्तीसुद्धा तोंडी सांगता येते.

शिरस्तेदार : मराठी?

पुतण्या : येत नाही.

शिरस्तेदार : अर्ज दप्तरी दाखल. पुढचा?

पुतण्या : गूगलचा. 2017 पासून मराठी लिहितो. आणि फुकट!

शिरस्तेदार : पगार न मागणाऱ्या कारकुनाविषयी महसूल खात्यात पूर्वापार समजूत अशी, की त्याच्या वरकड प्राप्तीचा बंदोबस्त अगोदरच झालेला असतो. राहतो कुठे?

पुतण्या : बोललेले सहसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जाते.

शिरस्तेदार : म्हणजे भाऊबंदकीच्या दाव्यातली कैफियत मी माजघरात हळू आवाजात सांगावी, आणि तिने परमुलखाची वारी करून मग माझ्या कागदावर उतरावे!

पुतण्या : मग व्हिस्पर घ्या. 2022 चा. संगणकावर उतरवून घेतला की इंटरनेटवाचून चालतो, मराठीही जाणतो. मात्र त्याला ध्वनिमुद्रण करून द्यावे लागते, आणि इंग्रजीपेक्षा मराठीत तो अधिक चुकतो.

शिरस्तेदार : चुकेना का! काल तुझ्याच आग्रहावरून एका फुकट ॲपला उमेदवारीवर घेतले. सांगितले, ‘मौजे वडगाव येथील कुळाचे नाव कमी करावे.’ त्याने लिहिले, ‘मोजे वडगाव येथील कूलचे नाव कमी करावे.’ चूक कोणत्या कारकुनाची होत नाही? परंतु ‘अरे, मोजे नव्हे, मौजे’ असे मी समजावले, तर त्याने तेही अर्जात लिहिले. आणि त्यावर संतापून मी जे बोललो, ते मात्र एकही काना-मात्रा न चुकता लिहिले.

पुतण्या : त्या शब्दावर बोट ठेवून दुरुस्त करायचे!

शिरस्तेदार : बोट चालत असते तर हा नोकर ठेवला असता कशाला? ‘मो’वर आणखी एक मात्रा चढवताना वरची सबंध ओळ पुसली गेली.

पुतण्या : तुम्हाला काही पसंतच पडायचे नाही. सगळे जग फोनशी बोलते!

शिरस्तेदार : सगळ्या जगाची बोटे शाबूत आहेत. चुकलेला शब्द ते निमूट बोटाने सुधारतात, म्हणून किती शब्द बिनचूक उतरले एवढ्याचाच तुम्ही डांगोरा पिटता. चुकलेला शब्द तोंडाने सुधारता येतो की नाही, हे ज्याला पहिल्याने विचारावयाचे, त्या माणसापुढे यंत्र ठेवताना तुम्ही ते विचारतच नाही.

पुतण्या : मग नेमणूक कोणाची?

शिरस्तेदार : व्हिस्परला हंगामी घ्यावे. तो लिहील, तू वाचून दाखवशील, मी दुरुस्ती सांगेन, आणि बोटे तुझी.

पुतण्या : म्हणजे कारकून मीच!

शिरस्तेदार : बिनपगारी. उद्या दहाला हजर राहा. वडगावचा अर्ज सोमवारी तहसीलदारांकडे गेला पाहिजे.