हजारवाले काका

शिवाजी पार्कात नेटच्या मागे भल्या पहाटे जे काका उभे असतात, ते कोच नव्हेत. कोच आत, काका जाळीबाहेर. आत पॅड बांधून त्यांचे चिरंजीव, आणि बाहेर काकांचा पट्टा सुरू: "एल्बो वर! डोकं बॉलवर! तोच शॉट, परत तोच!"

काकांची श्रद्धा एकाच आकड्यावर, हजार. हजार डिफेन्स झाल्याशिवाय ड्राइव्हचं नाव काढायचं नाही. हिशेब खिशातल्या डायरीत, चार उभ्या रेघा नि एक आडवी. घरी गॅलरीत कपड्यांच्या दांडीला पायमोज्यात घातलेला बॉल टांगलेला. तो बिचारा एकाच रेषेत जातो, एकाच रेषेत येतो. मध्ये काकूंचा ओला टॉवेल आला, तर त्यालाही फ्रंटफूट डिफेन्स.

हात बसायचा तर सुरुवातीला घोटावं लागतंच, त्यात वाद नाही. पण काकांची सुरुवात संपतच नाही. शंका काढली की ते थेट ब्रॅडमनला साक्षीला बोलावतात. "बाउरलला घरामागे गोल्फचा चेंडू, हातात स्टंप, टाकीखालच्या विटांवर मारत बसायचा. तेच तेच, तासन्‌तास!" आता त्या विटांवरून चेंडू भलत्याच वेगानं नि दर वेळी वेगळ्या कोनात उसळायचा, म्हणजे 'तेच तेच' त्या पोराच्या वाट्याला फारसं आलंच नसणार. ही नोंद डायरीत नाही.

एकदा धीर करून मी त्यांना 1978 सालचा केर आणि बूथ यांचा प्रयोग सांगितला. आठ वर्षांची मुलं, छोट्या पिशव्या खुणेवर टाकायच्या. एका गटानं सराव केला तीन फुटांवरूनच. दुसऱ्यानं दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर, आणि सरस ठरला दुसरा गट, ज्यानं ते अंतर सरावात घेतलंच नव्हतं!

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पहिल्या गटाचे हजार झाले नसणार."

परवा मॅच होती. पहिल्या बॉलला चिरंजीवांचा डिफेन्स असा, की फोटो काढून भिंतीला लावावा. दुसरा आखूड टप्प्याचा, चांगलाच उसळलेला. चिरंजीव त्याच डौलात पुढे सरसावले, बॉल ग्लव्हला लागला नि शॉर्ट लेगच्या हातात. काकांनी माझा दंड धरला.

"एल्बो पाहिलात? जरासुद्धा खाली आला नाही!"