बाहुलीचं बीपी पडू द्या

फर्स्ट एमबीबीएसच्या व्हायवात विचारा, रक्तस्राव झाला की शरीर काय करतं? उत्तर तोंडपाठ. बॅरोरिसेप्टर, सिंपथेटिक, टॅकीकार्डिया. मार्क पडतात. तेच पोर इंटर्न होऊन कॅज्युअल्टीत येतं, अपघाताच्या पेशंटचं बीपी ११० बघतं आणि पुढच्या खाटेकडे वळतं.

नाडी १२० आहे, ती कोण मोजणार?

पेशंट सिम्युलेटर नेमकं तिथे बोट ठेवतो. बाहुलीची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, शेजारी मॉनिटर. एक लिटर रक्त 'काढा'. वरचं बीपी जेमतेम हलतं, नाडी मात्र पळत सुटते. दोन लिटरच्या घरात गेलात की बीपी धाडकन खाली. शरीर किती वेळ सांभाळून घेतं आणि मग कसं हात टेकतं, हे पुस्तकातल्या आलेखात आहेच. पण आलेख बघून कुणाचे तळहात ओले होतात का?

'खरा पेशंटच शिकवतो,' असं ज्येष्ठ मंडळी म्हणतात. मान्य. पण खऱ्या पेशंटचं रक्त वाहू देऊन 'आता बघा हं' म्हणता येतं?

बाहुलीवर म्हणता येतं. बाहुली गेली तर पुन्हा सुरू करता येते.

आणि हे काही कालचं खूळ नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातला 'सिम वन' १९६०च्या दशकातला. मायामीची 'हार्वे' १९६८ची, हृदयाचे आवाज ऐकवणारी. आपल्याकडे स्किल लॅब आली, पण बाहुली सीपीआर आणि इंट्युबेशनला जुंपली. फिजिऑलॉजीवाले तिकडे फिरकतच नाहीत.

महाग आहे? आहेच. पण नुसतं यंत्र घेऊन भागत नाही. मध्येच ते थांबवून 'नाडी का वाढली?' विचारणारा मास्तर लागतो. त्याने पुढचा प्रश्नही विचारावा: हाच पेशंट बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल घेत असता तर?

तर रक्त जात राहिलं असतं आणि नाडी मात्र ७०-८०च्या आसपास घुटमळली असती. हे एकदा बघितलेला डॉक्टर पेशंटच्या गोळ्या विचारल्याशिवाय राहत नाही.

दीडशेच्या बॅचला वेळ कुठून आणायचा? फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलमधून जिवंत बेडूक २०१४ साली नियमाने सुटला, ते उत्तमच झालं. त्याचे आलेख मात्र आपण अजून कॉम्प्युटरवर गिरवतोय.

आधी ते तास बाहुलीसाठी काढा.